ओसाकाचं हाय आणि आमचं हाय

जपानला जाताना भाताचा कुकर बरोबर नेणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. त्या आमच्या साहेबांच्या पत्नी. रत्नागिरीला निघालेल्या माणसानं आंब्याची पेटी घेऊन जावं, त्यातली ही गत. दोह्याच्या विमानतळावर त्यांची बॅग वजनात बसेना, तेव्हा त्यांनी ती काउंटरसमोरच उघडली. आतून थालीपिठाची भाजणी निघाली, मेतकूट निघालं, लोणच्याची बरणी निघाली, आणि सगळ्यात खाली, टॉवेलात तान्ह्या बाळासारखा गुंडाळलेला तो विजेचा कुकर. त्याच्या बुडावर 'मेड इन जपान' असा शिक्का होता. बिचारा माहेरी निघाला होता. साहेबीणबाईंनी भाजणी माझ्या बॅगेत कोंबली आणि कुकर स्वतः पोटाशी धरला. "तिकडे खाण्याचे फार हाल होतात म्हणे," त्या म्हणाल्या. अजून विमानात पाय ठेवला नव्हता आणि ह्यांचे हाल सुरू झाले होते.

माझा नवरा तेव्हा कतारमध्ये रास लफानला गॅसच्या प्रकल्पात होता. सांगोल्याकडच्या खेड्यातून फिटर म्हणून इकडे आला, कितीतरी वर्षं कंपनीच्या कॅम्पात पुरुषांच्या खोलीत काढली, आणि सुपरवायझर झाल्यावर त्याला कुटुंबाचा व्हिसा मिळाला. तेव्हा मी आणि आमची मुलगी कल्याणहून दोह्याला आलो. साहेब म्हणजे त्याच्या वरचे इंजिनिअर, पुण्याचे. प्रकल्पासाठी एक मोठं यंत्र ओसाकाच्या कारखान्यात तयार होत होतं. ते जहाजावर चढवण्याआधी चालवून बघायला साहेब आणि माझा नवरा जाणार होते. काम दोन दिवसांचं. बायकामुलं आपल्या खर्चानं आली तर कंपनीची हरकत नव्हती, आणि पुढे दोन-तीन दिवस रजा टाकता येत होती. लग्न झाल्यापासून आमची सुट्टी म्हणजे कल्याण, सांगोला आणि परत. मी हट्टच धरला. मला ओसाका बघायचं होतं हे खरं, पण त्याहून जास्त मला माझ्या नवऱ्याचं बोलणं ऐकायचं होतं.

हे नीट सांगायला हवं. माझा नवरा मुळात बोलघेवडा माणूस. मला बघायला आला तेव्हा वाटेत बंद पडलेल्या एस.टी.ची गोष्ट सांगून त्यानं माझ्या वडिलांना इतकं हसवलं, की पोहे आणि चहा दोन्ही गार झाले. बोलणं गावाकडचं. 'आहे'ला 'हाय', 'सगळं'ला 'समदं'. माझं स्वतःचं मराठी कल्याणचं, म्हणजे धड इकडचं ना तिकडचं, त्यामुळे मला त्याच्या बोलण्याची भारी गंमत वाटायची. दोह्यात आमचं कुटुंब आलं त्या वर्षी गणपतीत तिथल्या मराठी मंडळानं त्याला आभार मानायला उभं केलं, कारण मखराची सगळी रोषणाई त्यानं केली होती. तो म्हणाला, "समद्यांनी जेवून जायाचं हाय." त्यावर पहिल्या रांगेतून साहेबीणबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या, "जायचं आहे! अहो, मुलं ऐकतायत." हॉल हसला. माझा नवराही हसला आणि खाली बसला. त्या दिवसापासून चारचौघांत त्याचं मराठी बंद झालं.

घरात तरी चालू राहावं की नाही? पण साहेबीणबाई शुक्रवारी आपल्या अल गराफाच्या व्हिलात मुलांचा मराठीचा वर्ग घ्यायच्या. तिथून आमची पोरगी निरोप घेऊन आली, घरात शुद्ध बोला. झालं, नवरा मुलीशी इंग्रजीत बोलायला लागला आणि माझ्याशी कामापुरतं. त्याचं इंग्रजी म्हणजे साइटवरचं. पोरीला निजवताना बाप म्हणतो, "ओके, गुड, नो प्रॉब्लेम," आणि दिवा घालवतो! पोरगी इंग्लिश मीडियमची, ती त्याच्या इंग्रजीतल्याही चुका काढायची. म्हणजे इकडे आड आणि तिकडे विहीर. मराठी तिला बहुतेक कळायचं, पण बोलायची इंग्रजीच. सांगोल्याहून आजीचा फोन यायचा. आजी म्हणायची, "मी बरी हाय गं," की ही इकडून, "हाय आजी!" तिला वाटायचं, आजी प्रत्येक वाक्याला 'हॅलो'सारखं 'हाय' करते.

बरं, भाषेची एवढी चाड असलेल्या ह्या मंडळींना 'चला'च्या जागी 'यल्ला' चालायचं. 'खलास' चालायचं. 'इन्शाल्ला' तर साहेबीणबाईंच्या तोंडी उठताबसता. अरबांकडून उसनं आणलेलं गोड आणि सांगोल्याचं कडू. त्यांचा स्वतःचा मुलगा पुण्याच्या कॉलेजातून फोनवर 'येस मॉम, नो मॉम' करायचा. लोका सांगे ब्रह्मज्ञान. माझा नुसता संताप व्हायचा. मी मनाशी ठरवलं होतं, ह्या माणसाला चार दिवस मंडळापासून लांब नेऊ, कदाचित आपल्या लेकीशी आपल्या तोंडानं दोन शब्द बोलेल. आणि मंडळ कुकर घेऊन माझ्या शेजारच्या सीटवर बसलं होतं.

ओसाकात पहिले दोन दिवस पुरुष कारखान्यात आणि आम्ही बाजारात. साहेबीणबाईंना जपान बघायचं नव्हतं, जपान बघून आल्याचं सांगायचं होतं. त्या मला आणि पोरीला घेऊन शंभर येनच्या दुकानात शिरल्या. तिथे सगळ्या वस्तू शंभर येनला. त्यांनी साबणाच्या डब्या घेतल्या, चिमटे घेतले, गाळण्या घेतल्या. मी एक गाळणी उलटी करून पाहिली, चीनची होती. "अशी तर दोह्याच्या सूक बाजारात ढिगानं मिळते," मी म्हटलं. "पण ही जपानहून आणलेली ना!" त्या म्हणाल्या.

जपान्यांचंही मला फार कौतुक वाटलं अशातला भाग नाही. मी एक साधा हातरुमाल घेतला. तो त्यांनी कागदात गुंडाळला, कागद डबीत घातला, डबी पिशवीत, पिशवीला चिकटपट्टी, आणि बाहेर पाऊस होता म्हणून वर आणखी एक प्लास्टिकची पिशवी. आमच्याकडे नवरीलासुद्धा इतकं नटवत नाहीत. हॉटेलांच्या काचेत प्लास्टिकचं जेवण मांडलेलं, प्लास्टिकचा भात, प्लास्टिकचा मासा, प्लास्टिकच्या शेवया हवेत लोंबकळणाऱ्या. साहेबीणबाईंनी त्या खोट्या जेवणाचे फोटो काढले आणि खऱ्याच्या वासानं नाकाला पदर लावला.

कुकरचं काय झालं, तेही सांगते. पहिल्या संध्याकाळी त्यांनी हॉटेलच्या खोलीत तांदूळ धुऊन लावले आणि आम्हाला जेवायला बोलावलं. आम्ही बसलो. पोरगी पेंगायला लागली. झाकण काढलं की आत तांदूळ कोमट पाण्यात आरामात पडलेले. साहेब इलेक्ट्रिकलचे. त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं की जपानची वीज आपल्या निम्म्याहून कमी व्होल्टची, त्यामुळे दोह्याचा कुकर इथे तापणार नाही. छान समजावलं, पार पेन काढून. आम्ही बिस्किटं खाऊन झोपलो. आणि दुसऱ्या संध्याकाळी ह्याच साहेबांनी विजेच्या बाजारातून पाणी गरम ठेवायचा भलामोठा थर्मास घेतला, तोही त्या निम्म्या व्होल्टवरचा! अल गराफात त्यांनी तो एकदाच लावला. स्वयंपाकघराची भिंत नंतर रंगवून घ्यावी लागली.

ह्या सगळ्यात माझा नवरा 'येस सर', 'ओके मॅडम' करत पिशव्या उचलत होता. पोरीशी त्याचं बोलणं म्हणजे "कम, कम" आणि "डोन्ट टच". मी आतल्या आत धुमसत होते. तिकिटाचे पैसे घालून मी अल गराफाच ओसाकाला आणून ठेवलं होतं.

सुट्टीच्या पहिल्या सकाळी मी सरळ थाप मारली. पोरीच्या पोटात दुखतंय, तुम्ही दोघं किल्ला बघून या, असं साहेबीणबाईंना सांगितलं. ते वळले आणि आम्ही तिघं दुसऱ्या वाटेनं बाजाराच्या गल्लीत पळालो. वर छत असलेली लांबच लांब गल्ली. शिंपल्या, खेकडे, माझ्या हाताएवढे झिंगे, लोणच्याची पिंपं. मासळीबाजार म्हणावा आणि वास येऊ नये, हे माझ्या मनाला पटेना. वास नाही तर ताजं कसं ओळखायचं? आमच्या कल्याणची कोळीण असल्या बाजाराकडे बघून थुंकली असती.

पुढे एका टपरीवर एक म्हातारा आप्पे करत होता. खरोखर आप्पे. लोखंडी आप्पेपात्र, फक्त ते एवढं रुंद की लग्नाच्या पंगतीला पुरावं. तो त्यात पातळ पीठ ओतायचा, एकेका खळग्यात ऑक्टोपसचा तुकडा टाकायचा आणि दोन सुयांनी गोळे पटापट फिरवायचा. शेजारी त्याची म्हातारी डिश भरत होती. नवरा थांबला. पीठ उलटताना बघायचा नाद त्याला पहिल्यापासून. त्यानं बोट दाखवलं आणि म्हणाला, "वन प्लेट, प्लीज."

"हाय!" म्हातारा ओरडला.

नवऱ्यानं दचकून माझ्याकडे पाहिलं. मग मागे पाहिलं, पुढे पाहिलं. ओळखीचं कुणी नव्हतं. मग हळूच म्हाताऱ्याला विचारलं, "गरम हाय?"

"हाय!"

"तिखट हाय का?"

"हाय, हाय!"

"लई न्हाई न्हवं?"

"हाय!"

"म्हंजी लई हाय?"

"हाय!" म्हाताऱ्यानं मान लववली आणि डिश पुढे केली.

माझा नवरा हसत सुटला. खांदे हलवून, डोळ्यांत पाणी येईतो. तसं हसताना मी त्याला दोह्यात एकदाही पाहिलं नव्हतं. म्हातारी पण हसायला लागली, का ते तिला काय ठाऊक. आप्पे तोंडात टाकले तर आतून निखारा. आम्ही तिघंही तोंड उघडं टाकून हाशहुश करत होतो. पोरगी बापाच्या शर्टाला धरून म्हणाली, "बाबा, यू नो जॅपनीज?" आणि त्यानं काही म्हणायच्या आत, "दे टॉक लाइक आजी!"

तो एकदम गंभीर झाला. खाली वाकला, तिच्या तोंडाला लागलेलं पीठ पुसलं. तो काहीतरी सांगणार होता. तेवढ्यात गल्लीच्या तोंडातून हाक आली, "अहो, इथे आहात होय! पोट बरं झालं वाटतं?" किल्ल्याची रांग लांब होती म्हणून ही जोडी परत फिरली होती, आणि एवढ्या मोठ्या ओसाकात त्यांना नेमकी हीच गल्ली सापडली. नवरा ताठ उभा राहिला. रुमालानं तोंड पुसलं. "येस मॅडम," तो म्हणाला. "व्हेरी टेस्टी."

त्या क्षणी मला त्या बाईंचा मनापासून राग आला. त्यांनी विचारलं, "काय आहे त्यात?" नवरा म्हणाला, "ऑक्टोपस, मॅडम." त्या "शी!" म्हणाल्या, दोन पावलं मागे सरल्या, आणि मग ती डिश हातात घेऊन फोटो काढून घेतला. म्हातारा त्यांना पाहून "हाय, हाय" करत वाकला. त्याही हसून वाकल्या. उरलेली सुट्टी आम्ही पाचही जणांनी मिळून पार पाडली. ओसाकात आणखी काय पाहिलं ते विचाराल तर दालफ्राय मिळणाऱ्या एका हॉटेलचा शोध पाहिला.

परत आल्यावर दुसऱ्या शुक्रवारी अल गराफात जेवण होतं. जपानचे फोटो दाखवायला मंडळातली झाडून सगळी घरं बोलावली होती. वसईची एक नर्स आणि तिचा नवरा होता, दोन-तीन ऑफिसांतली कुटुंबं होती, वर्गाची मुलं होती. मसालेभात, भरली वांगी, जिलबी. कॅमेरा टीव्हीला जोडलेला. पडद्यावर साहेबीणबाई आल्या, प्लास्टिकच्या भातासमोर, किल्ल्याच्या फाटकासमोर, ऑक्टोपसची डिश हातात धरून. "सगळं खाऊन बघितलं हो आम्ही," त्या म्हणाल्या. "त्याशिवाय देश कळत नाही." मी माझ्या ताटातल्या वांग्याकडे बघत राहिले. दुसरीकडे बघितलं असतं तर तोंड सुटलं असतं.

मग जपानी माणसांच्या स्वभावावर व्याख्यान झालं. "इतकी नम्र माणसं! तुम्ही काही विचारा, म्हणणार 'हाय!' म्हणजे आपलं 'हो'. काय गोड लागतं कानाला! भाषेत संस्कार असतात म्हणतात ना, ते हे." मग त्यांनी वर्गाच्या मुलांना रांगेत उभं केलं. "चला, सगळ्यांनी कमरेत वाकायचं आणि म्हणायचं, हाय!" मुलं वाकली. "हाय!" आयाबापांनी टाळ्या वाजवल्या. माझी पोरगीही रांगेत होती. तिनं वाकता वाकता बापाकडे पाहिलं.

माझा नवरा कोपऱ्यातल्या खुर्चीवर ताट घेऊन बसला होता. तो उठला नाही, आवाजही चढवला नाही.

"वहिनी," तो म्हणाला. इतकी वर्षं त्यानं त्यांना मॅडमशिवाय हाक मारली नव्हती. "मग पोरं माझ्याकडं धाडा की. आमच्या गावात समदी जपानीच बोलत्यात."

वसईची नर्स फसकन हसली. तिच्याही घरच्या बोलीला ह्याच मंडळात नाकं मुरडून झाली होती, त्यामुळे तिला आधी कळलं. मग तिचा नवरा हसला, मग बाकीचे. गणपतीतही हॉल हसला होता, पण ते हसणं निराळं.

साहेबीणबाईंचा चेहरा उतरला. "अहो, ते वेगळं," त्या म्हणाल्या. "ती त्यांची भाषा आहे."

"व्हय," नवरा म्हणाला. "आन् ही माझी हाय."

काय वाटलं मला, कसं सांगू! जिलबीचं ताट तिथेच ठेवून नाचावंसं वाटलं. साहेब मात्र मुरलेले. त्यांनी विषय बदलला. "बरं, ते कारखान्यातल्या जेवणाचं सांगा लोकांना," ते नवऱ्याला म्हणाले. त्यांना वाटलं असणार, हा 'व्हेरी नाइस, सर' म्हणेल आणि मिटेल.

नवऱ्यानं ताट खाली ठेवलं. "सांगतो की. तिथं दुपारच्याला शेवया. ही मोठी वाटी, वर गरम पाणी, आन् खायाला दोन काड्या. आमच्या शेजारी त्यांचा म्हातारा फोरमन बसला हुता. त्यानं शेवया धरल्या आन् असा सुर्रर्र करून आवाज काडला, की मला वाटलं कुठंतरी पाइपच लीक झाला." पोरं खिदळली. "समदी तसंच खात हुती. जेवताना आवाज क्येला न्हाई तर तिथं म्हंत्यात, ह्याला जेवान गोड लागलं न्हाई. आता आपलं सायेब पडलं शिस्तीचं. त्यांनी त्वांड मिटून, अज्जाबात आवाज न करता, येक-येक शेवई आत घ्याया सुरवात क्येली."

"अहो, पुरे," साहेब म्हणाले. पण ते स्वतःच हसत होते.

मी त्याच्याबरोबर ओसाकात इतके दिवस हिंडले आणि ह्यातलं अक्षर मला ठाऊक नव्हतं. त्यानं मला सांगितलंच नव्हतं. कोणत्या भाषेत सांगणार होता? आता त्याचे हात चालत होते, भुवया चालत होत्या, तो हवेत काड्या धरून दाखवत होता. साहेबीणबाईंनी मध्येच "चहा कोणाकोणाला?" असं विचारलं, पण कुणी मान वळवली नाही.

"फोरमन बगतोय सायबाकडं," नवरा म्हणाला. "त्याला वाटलं, पावण्याला जेवान आवडलं न्हाई. त्यो उटला, आत ग्येला, आन् आचाऱ्यालाच हाताला धरून भायेर घिऊन आला."

पोरगी मुलांच्या रांगेतून बाहेर आली आणि त्याच्या समोर खाली मांडी घालून बसली.

"मग?" तिनं विचारलं.

नवऱ्याचे हात तसेच हवेत राहिले. गणपतीपासून लेकीनं त्याला मराठीत काहीच विचारलं नव्हतं. मग त्यानं बाहीनं डोळे पुसले.

"बाबा, मग?" ती पुन्हा म्हणाली, आणि तो तिला पुढचं सांगायला लागला.